हिरव्या खुणेची भवानी

तमाम मत्स्यप्रेमींना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, मुळशी धरणाच्या रस्त्यावर मासे विकणाऱ्या मावशींचा मोबाइलच्या पैशांवरचा विश्वास उडाला आहे. अपराधी मी आहे.

मावशींना वाचता येत नाही. नोट मात्र त्या बोटांनी चोळून पारखायच्या आणि भवानीची, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीची, नोट कपाळाला लावायच्या. खिशात नोट न बाळगणाऱ्या मीच मोठ्या थाटात त्यांच्या पाटीला क्यूआर कोड लावला. "हिरवी खूण दिसली की पैसे आले!" असं बजावलं. तेव्हापासून त्या पहिल्या गिऱ्हाइकाचा फोनच ओल्या हातांनी कपाळाला लावू लागल्या. मी हसून बेजार!

गेल्या रविवारी रिसॉर्टला निघालेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाने जुन्याच पेमेंटचा फोटो दाखवला. मावशींनी तोही भक्तिभावाने कपाळाला लावला आणि दोन मोठे कटले बांधून दिले. संध्याकाळी त्यांच्या लेकीने खातं पाहिलं, तर त्याचे पैसे आलेच नव्हते.

काल भवानीचे मासे मीच घेतले, पैसे पाठवले आणि हिरवी खूण पुढे केली. मावशींचा हात सवयीने फोनकडे आला आणि मध्येच थांबला. तो पदराला पुसत त्या बोलून गेल्या, "दादा, तुमच्यावर इस्वास हाय वो, पर एखादी नोट असंल तर बगा की!"