वेढे मोजणारे आबा

माझ्या लॅपटॉपवरची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम एका सकाळी उघडेचना. तिच्यात तीन वर्षं गोळा केलेले अहिराणी शब्द होते, आणि दुसरीकडे प्रत नव्हती. गाढवपणा माझाच! जळगावात दोन दुकानांत "फॉरमॅट मारा" ऐकून मी चिडून धुळ्याला आलो.

तिथले एक म्हातारे दुरुस्तीवाले, आबा, पूर्वी पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे, म्हणजे जळालेली तार काढून तितक्याच वेढ्यांची नवी गुंडाळायचे. त्यांनी लॅपटॉपची सेटिंग उघडली, पण काहीही बदलण्याआधी होतं तसं वहीत उतरवायला घेतलं. ओळीमागून ओळ, सावकाश.

"आबा, एवढं कशाला लिहिता?" मी वैतागलो.

"वेढा मोज्याबिगर जुनी तार काढानी नही, भाऊ." मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "तुमनं बठ्ठं जागावरच शे. फक्त यादीमा मांगे पडी गयं."

सगळं जागेवरच होतं; लॅपटॉप चालू होताना कोणती सिस्टिम आधी उघडायची, त्या यादीत माझी सिस्टिम फक्त तळाला गेली होती. त्यांनी ती वर आणली आणि माझे शब्द समोर उभे राहिले. आबांनी केलेला बदलही खाली लिहिला आणि वहीचं पान फाडून माझ्या हातात दिलं.

महिन्याभरानं सिस्टिम पुन्हा दिसेना. मी ते पान काढलं, लॅपटॉपची सेटिंग उघडली, आणि कशालाही हात लावण्याआधी वही घेऊन होतं तसं लिहायला बसलो.