भवानी आत चहा पितेय

देवीशी भांडायचं तर घसा मोकळा हवा आणि घरात कोणी नको. त्या सकाळी दोन्ही सोयी होत्या. नवरा रिक्षा घेऊन बाहेर पडला होता, लेक कॉलेजला गेली होती, आणि मी देव्हाऱ्यातल्या सप्तशृंगीच्या तसबिरीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होते. माझा धंदा ब्लाउज शिवण्याचा, पण नाव आहे ते मंगळागौरीच्या खेळांमुळे. त्यात मी खाष्ट सासू होते. गंगापूर रोडच्या सोसायट्यांत मी नुसती भुवई वर केली तरी सतरंजीवरच्या बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडतात. त्या दिवशीचं भांडण मात्र खोटं नव्हतं. आंघोळ करताना डाव्या छातीत हाताला गाठ लागली होती, तिला आता बरेच दिवस झाले होते, आणि मी कोणाला एका शब्दानं बोलले नव्हते.

मोठ्यानं बोलणारी माणसं लपवण्यात फार तरबेज असतात. आमच्याकडून कोणी गुपिताची अपेक्षाच करत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो रिक्षा विकायला निघेल, लेक शिक्षण सोडायच्या गोष्टी करेल, असं मी मनाला सांगत होते. खरं कारण साधं होतं. त्या रोगाचं नाव तोंडातून काढलं की तो चप्पल काढून घरात येऊन बसेल, अशी मला भीती वाटत होती. जवळच्या डॉक्टरीणबाईंकडे मी खोकल्याचं निमित्त करून गेले आणि शेवटी गाठ दाखवली. त्यांनी हसणं थांबवलं. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागे एक संस्था आहे, तिथे तपासणी होते, आजच जा, म्हणाल्या. म्हणून हे भांडण. "इतकी वर्षं तुझी ओटी भरली," मी तसबिरीला म्हटलं, "आता माझं काय करायचं ते तू कर. मला झेपत नाही. आणि आहेस की नाहीस, तेही एकदा कळू दे." असा दम देऊन मी जरीची साडी नेसले, शेजारणीला लग्न आहे म्हणून सांगितलं, आणि निघाले.

संस्था म्हणजे दोन खोल्या, एक बाकडं आणि टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ. मनात ठरवून गेले होते की नुसता खर्च विचारायचा, "बाई गं!" म्हणायचं आणि घरी पळायचं. खर्च ऐकून माघारी फिरलेल्या बाईला कोणी भित्री म्हणत नाही. मी विचारलं. गृहस्थांनी मानही वर केली नाही.

"पैशांचं राहू द्या हो ताई. तुमचं सगळं भवानी बघेल."

माझ्या हातातली पर्स खाली पडली.

"कोण बघेल?"

"भवानी. आज मंगळवार ना? आलीय ती."

"आलीय? कुठं?"

"आत चहा पितेय. भेटायचंय? जा की."

वाचणाऱ्यांनी हसावं, माझी हरकत नाही. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला होता. सकाळी दम दिला आणि दुपारच्या आत ही गडावरून उतरून पंचवटीत हजर! मी चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला, डोळे मिटले आणि आतल्या खोलीत जाऊन समोर दिसले त्या पायांवर डोकं ठेवलं. पायांना शेतातल्या मातीनं भरलेल्या भेगा होत्या. डोक्यावरून आवाज आला, "अगं बया! ऊठ की! चहा सांडला ना माझा!"

डोळे उघडले तर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी, एका हातात बशी, दुसऱ्या हातात भिजलेली खारी. तिचं नाव हिराबाई. मखमलाबादकडची, गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, मेथी-कोथिंबिरीचा वाटा लावून बसणारी. मी चाचरत विचारलं, "तुम्ही... भवानी?" त्यावर ती इतकी हसली, इतकी हसली की खारीचा तुकडा बशीत पडून विरघळला.

मग तिनं सांगितलं ते असं. धंद्यातल्या दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपण भवानी म्हणतोच. या बाजारातल्या बायका दर मंगळवारची भवानी पदराला बांधत नाहीत. एक बाई पितळी डबा घेऊन सगळ्या विकणाऱ्यांकडून फिरते आणि डबा इथे आणून देते. ज्या बाईची पाळी, तिला त्या दिवशी सगळे भवानीच म्हणतात. हिराबाईच्या सासूच्या काळात त्यांच्यातल्याच एकीनं अशी गाठ पदराखाली लपवली होती. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. तिच्या दहाव्याला गंगेवर जमलेल्या बायकांनी तिथल्या तिथे ठरवलं, की यापुढे आपल्यातली कोणी पैशांपायी तपासणीवाचून राहायची नाही. आधी फक्त भाजीवाल्या होत्या. मग फुलवाल्या आल्या, नारळवाले आले, भांड्यांचे दुकानदार आले. एका व्यापाऱ्यानं या खोल्या दिल्या, डॉक्टर मंडळी आपला मोबदला सोडून येऊ लागली. आता नुसती तपासणीच नाही, मोठ्या इस्पितळातलं ऑपरेशन, औषधं, तेही इथूनच भरलं जातं. बाजारातल्या कैक बायका म्हाताऱ्या होऊन गेल्या, त्यांच्या सुना आल्या, डबा चालूच आहे.

"पण मी कुठं बाजारातली?" मी म्हटलं. "माझा तर शिवणकामाचा धंदा."

"मंग? गाठ काय धंदा इचारून येती व्हय?" हिराबाईनं बशी खाली ठेवली. "घरी सांगितलं का?"

मी जरीच्या पदराची घडी सारखी करायला लागले. 

"नाय सांगितलं. तोंडावर दिसतंय. एवढी नटून आली, लग्नाला निघाल्यावाणी. चल, मी बसते संगं."

"अहो, तुमची भाजी उन्हात..."

"भाजी सुकली तर पाणी मारीन. तू सुकत चालली, त्याचं काय?"

डॉक्टर सुई टोचून गाठीतला तुकडा काढत होते तेव्हा तिनं माझा हात धरला होता. तिच्या बोटांना मेथीचा वास होता. मी जोरात दाबला तर म्हणाली, "हळू गं, याच हातानं जुड्या बांधायच्या हायेत अजून." सुई आत असताना मला हसू फुटलं आणि डॉक्टर ओरडले.

अहवाल चांगला आला नाही. तोच रोग होता. पण लवकर सापडला होता, आणि डॉक्टरांनी हे वाक्य दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो मितभाषी माणूस. रिक्षाची किल्ली त्यानं बोटाभोवती फिरवली. मग म्हणाला, "एवढं मोठं नाटक एकटीनं केलंस, आणि मला तिकीटसुद्धा दिलं नाहीस?" आणि रडायला लागला. मी भांडण देवीशी केलं, पण रुसायचा हक्क त्याचा होता, हे मला तेव्हा कळलं.

पुढचे महिने सोपे होते असं मी म्हणणार नाही. औषधानं तोंडाची चव गेली, केस गेले, पायऱ्या चढताना दम लागू लागला. खेळांतल्या मैत्रिणी एकदा माझ्यासाठी एक गंगावन घेऊन आल्या. केसच नाहीत, तर ते बांधायचं कशाला, याचा विचार एकीनंही केला नव्हता! आम्ही ते उशीला बांधलं, उशीला सून केलं, आणि मी पलंगावर बसल्या बसल्या तिला असा काही सासुरवास केला की खालच्या मजल्यावरून लोक बघायला आले.

माझ्याकडे त्या दिवशी कोण आलं होतं, याचा मी पुष्कळ विचार केला. टेबलामागच्या गृहस्थांनी मला आकडा सांगितला असता, तर मी खात्रीनं पळाले असते. त्यांनी एक शब्द उच्चारला, मी त्याचा भलताच अर्थ घेतला, आणि त्या चुकीनं मला आतल्या खोलीत नेलं. शहाणी माणसं म्हणतील, ती बाजारातली म्हातारी होती. असेल. मी तर पाय धरून पाहिलेत, माती खरी होती. पण सकाळी मी जे मागितलं होतं, ते कुणाकुणाच्या हातून मला मिळालं, आणि देणाऱ्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं. यापलीकडे देवी वेगळं काय करते, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. आता मंगळवारी पहिल्या ब्लाउजची शिलाई मी वेगळी काढते.

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या दिवशी मला आत नेताना नवरा आणि लेक दाराशी उभे होते. आयुष्यभर मी सगळं हातात धरून ठेवलं होतं. कात्री, टेप, घर, लोकांचं हसू. आता बांगड्यासुद्धा काढून घेतल्या होत्या, हात रिकामे होते. वाटलं, शरण जाणं म्हणजे बहुधा हेच. डोळे मिटून घरी बसणं नव्हे. जिथे जायला हवं तिथे रिकाम्या हातांनी जाणं. लेकीनं माझ्या बांगड्या मुठीत धरल्या होत्या. काहीतरी मोठं, नाटकी बोलायचं होतं मला. सुचलं नाही. आपल्याकडे घराबाहेर पडताना बाई कधी 'जाते' म्हणत नाही; जे म्हणते, तेवढंच तोंडून निघालं.

"येते हं," मी म्हटलं.

आणि आले.