तीन वाजून पाच मिनिटांचा मेल

आधीच सांगतो, मी मशीनवाला माणूस आहे. काही बिघडलं की लॉग उघडायचा, कारण सापडतंच – आयुष्यभर हेच करत आलो. ऑफिसात कुणी भुताखेतांचं बोलायला लागलं की मी उठून चहा आणायला जायचो. म्हणूनच हे इतकी वर्षं कुठे लिहिलं नाही...

२००३-०४ चा काळ. नाशिकला अंबड एमआयडीसीत, इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. मेल सर्व्हर म्हणजे एक जुना डबा, २५६ एमबी रॅम आणि रडतखडत चालणारी हार्ड डिस्क. आलेला प्रत्येक मेल तो आधी डिस्कवर लिहायचा, व्हायरससाठी तपासायचा आणि मग ज्याच्या-त्याच्या मेलबॉक्समध्ये टाकायचा. ड्रॉइंगचे मोठे मेल आले की डिस्कचा दिवा विझायचाच नाही, आणि सगळे माझ्या नावाने ओरडायचे.

मग मी एक शहाणपणा केला. तपासणीच्या रांगेतले मेल डिस्कवर न लिहिता रॅममध्येच ठेवायचं सेटिंग केलं. मेल पळायला लागले. धोका एकच होता. लाईट गेली तर रांगेतलं सगळं पुसलं जाणार, आणि पाठवणाऱ्याला मात्र वाटणार की मेल पोचला. आमचे मॅनेजर देशपांडे सर, त्यांनी हे विचारलं होतं. यूपीएस आहे, मी म्हणालो. त्याच्या बॅटऱ्या संपत आल्यात, हे बोललो नाही.

मे महिन्यातली दुपार होती, पावणेतीनच्या आसपास. मी सर्व्हरच्या स्क्रीनवर रांग बघत होतो. अकरा मेल. शेवटचा आमच्या डिझाइनच्या पाटलांचा, टेस्टिंगच्या अन्वरभाईंना. पाटील त्या दिवशी घोटीजवळ एका गिऱ्हाइकाकडे गेले होते. विषय होता – ‘अर्जंट, टेस्टिंगच्या आधी वाचणे’.

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस एकदा टुकटुकला आणि स्क्रीन काळी झाली.

मी खुर्चीतच बसून राहिलो. त्या मेलमध्ये काय होतं कुणास ठाऊक, पण तो आता कुठेच नव्हता. पाटलांचा मोबाईल लागेना. ऑफिसचे फोनही विजेवर, तेही बंद. उठून टेस्टिंग शेडमध्ये जायचं आणि अन्वरभाईंना सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण मग मेल कसा पुसला गेला हे सांगावं लागलं असतं. सेटिंगचं, बॅटऱ्यांचं... सगळंच. वीस-पंचवीस मिनिटं मी नुसता घाम पुसत बसलो. याची लाज अजून वाटते.

मग शेडकडून जनरेटरचा आवाज येतोय हे लक्षात आलं. त्याची लाईन फक्त टेस्टिंगला होती. म्हणजे टेस्टिंग थांबलेलं नाही. मी पळालो.

शेडमध्ये काम थांबलं होतं. पॅनलचा दरवाजा उघडा, दोघं-तिघं आत वाकून बघतायत. अन्वरभाई कॉम्प्युटरपाशी उभे होते, हातात एक कागद. हे मनमाडहून रोज रेल्वेने येणारे, पन्नाशीचे, एरवी हसतमुख. आज चेहरा पांढरा पडला होता.

“बरं झालं, तुझा सर्व्हर चालू झाला,” ते म्हणाले. “आत्ताच आला पाटलांचा मेल.”

मी कागद घेतला. ड्रॉइंगमध्ये चूक आहे, त्याप्रमाणे वायरिंग केलं तर दरवाज्यात करंट येईल, पॅनलमध्ये वीज सोडू नका. प्रिंटवर मेल आल्याची वेळ – तीन वाजून पाच मिनिटं.

“भाई, सर्व्हर बंद आहे,” मी म्हणालो. “अजून लाईटच आली नाही.”

त्यांनी पॅनलकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, “निवृत्तीचा हात दरवाज्यावरच्या हँडलवर होता, पॅनल चालू करायला.”

निवृत्ती म्हणजे त्यांचा वायरमन, देवळ्याकडचा, दोन मुलींचा बाप. तो पॅनलपाशी पाणी पीत उभा होता.

लाईट साडेतीनच्या पुढे आली. मी लॉग उघडला. पाटलांचा मेल सर्व्हरने घेतल्याची नोंद होती. पुढे काहीच नाही, मेलबॉक्समध्ये टाकल्याची ओळच नाही. लॉगची शेवटची ओळही लाईटबरोबर गेली असेल, आणि मेल आधीच पोचला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण अन्वरभाईंचा कॉम्प्युटरही लाईटबरोबर बंद पडला होता. जनरेटर लागल्यावर त्यांनी तो चालू केला, मेल बघितले, तेव्हा इनबॉक्समध्ये नवीन काही नव्हतं. तसं त्यांनी मला दोनदा सांगितलं. आणि सर्व्हर आणि शेडला जोडणारा नेटवर्कचा स्विच तर माझ्याच टेबलाखाली मेलेला पडला होता. पाटलांनी मेल एकदाच पाठवला होता, अडीचच्या सुमारास.

संध्याकाळी मी देशपांडे सरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. रांग पुन्हा डिस्कवर आणली, मेल पुन्हा रखडायला लागले.

नंतर कितीतरी जाणकारांना विचारलं. कुणी म्हणालं, घड्याळ चुकलं असेल. कुणी म्हणालं, अन्वरभाईंच्या नजरेतून सुटला असेल. असेलही. मला पटलेलं नाही, आणि दुसरं काही सापडलेलंही नाही. अन्वरभाईंना एकदा परत विचारलं तर ते म्हणाले, “तू शोधत बस. मी तर त्या दिवशी निवृत्तीला त्याच्या घरापर्यंत सोडून आलो.”

माझ्या एका सेटिंगने त्या दुपारी एक माणूस जाणार होता. तो का गेला नाही, ते मला आजही माहीत नाही.