उभे मामा

आमचे मामा बसत नसत. लग्नात पंगत पडली की ते वाढायला उभे राहत. मयतीला गेले की अंगणातल्या लिंबाला खांदा टेकवून उभे. माझ्याकडे हिंगोलीला आले तर चहाचा कप घेऊन खिडकीशी जात. बसा म्हटलं की म्हणत, "बसायला आलो का? तुला बघायला आलो." वसमतजवळ हट्टा गावात त्यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून द्यायचं, रिवायंडिंगचं दुकान होतं. इतर कारागीर जमिनीवर मांडी घालून तांब्याची तार गुंडाळतात. मामांनी मात्र छातीशी येईल असं उंच टेबल करून घेतलं होतं. गावानं त्यांचं नावच 'उभे मामा' ठेवलं. नव्या माणसाला ते गर्विष्ठ वाटत. खरी गोष्ट एवढीच होती, की बसलं की त्यांना दुखायचं.

कुठं दुखायचं हे त्यांनी मामीलासुद्धा कितीतरी दिवस सांगितलं नव्हतं. बसताना जो भाग जमिनीला टेकतो तिथं, आतल्या बाजूला, निखारा ठेवल्यासारखं. कधी तिथून जांघेत उतरायचं. लघवीला सारखं जावंसं वाटायचं आणि जाऊन आलं तरी मोकळं वाटायचं नाही. पुरुषानं हे सांगायचं तरी कुणाला? मला सांगितलं ते मी कॉलेजात शिकवतो म्हणून नव्हे, तर मी कमी बोलतो म्हणून. "तुझ्या पोटात गोष्ट ऱ्हाते," ते म्हणाले, "आन् तुला इंग्रजी वाचता येतंय." त्या दिवसापासून त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं.

ती वर्षं आठवली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आम्ही वसमतला गेलो, हिंगोलीला गेलो, परभणीलाही गेलो. सगळीकडे एकच. मामांनी दाराशीच उभं राहून दोन वाक्यं बोलायची आणि तिसरं सुरू व्हायच्या आत गोळ्या लिहून व्हायच्या. पौरुषग्रंथीला, म्हणजे प्रोस्टेटला, सूज आहे, जंतुसंसर्ग आहे, एवढं घ्या, बरं वाटेल. थोडे दिवस बरं वाटायचंही. मग पुन्हा तेच. पुढचा डॉक्टर आधीच्या गोळ्या बघायचा, मान हलवायचा आणि त्याच जातीच्या जास्त जहाल गोळ्या द्यायचा. जंतू खरंच आहेत का, हे कुणी तपासलं नाही. एकानं मूळव्याध म्हटलं. एकानं तर माझ्याकडे बघून इंग्रजीत सांगितलं, की यांच्या डोक्यात आहे. मामांना इंग्रजी कळत नव्हतं, पण बोट कपाळाकडे गेलेलं दिसलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "खाली दुखतंय म्हणलं तर वर दाखवून राहिला."

पण राग केवळ डॉक्टरांवर काढून भागत नाही. मामा स्वतःही कमी नव्हते. आमच्याकडे एक रीत आहे. एखाद्याला गुण आला, की त्याच्या गोळीचं रिकामं पाकीट गावभर फिरतं. ते मेडिकलवाल्यापुढे धरायचं आणि म्हणायचं, असलीच द्या. कुरुंद्याच्या कुणाला तरी लघवीच्या त्रासावर गुण आला म्हणून मामांनी त्याचं पाकीट आणलं. ते संपेपर्यंत पुसेगावच्या व्याह्याचं आलं. कुणी तिखट सोडायला सांगितलं, म्हणून तिखट सोडलं. ठेच्याशिवाय भाकरी न खाणारा माणूस वरणभात कालवून खायला लागला. वसमतच्या एका योग शिबिरात सगळ्यांना सांगितलं होतं, खालचे स्नायू आत ओढून आवळून धरा. मामा तार गुंडाळता गुंडाळता दिवसभर आवळून धरत आणि संध्याकाळी कळवळत. मी विचारलं, हे बंद का करत नाही? म्हणाले, "दहा जणाला फायदा झालाय. मलाच काहून होणार न्हाई?"

यावर मामीचं एक ठरलेलं बोलणं होतं. जळालेली मोटार दुकानात आली की मामा ती लगेच उघडत नसत. आधी शेतकऱ्याला विचारत: विहिरीला पाणी होतं का, लाईट कमी होती का, एखादा फेज गेला होता का. ते कळल्याशिवाय तारेला हात लावायचे नाहीत. मामी आतून ओरडून म्हणायची, "मोटरीची येवढी चौकशी करतेत, आन् सोताला कुणाचं बी पाकीट. मोटरीपेक्षा सस्ते झाले का तुमी?" मामा हसायचे. पाकीट मात्र खिशातच असायचं.

त्यांना खरं दुखलं ते बुद्धविहारात. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, गावातल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आणि वाचन मामांचं होतं. आवाज खणखणीत, शब्दोच्चार स्वच्छ. म्हाताऱ्या बाया त्यांच्यासाठी लवकर भाकरी टाकून येत. मांडी घालून तास-दीड तास बसणं अशक्य झालं तेव्हा त्यांनी वाचन सोडलं. डोळ्याला दिसत नाही, असं कारण सांगितलं. उभं राहून वाचा, असं मी सुचवलं. ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "ते काय भाषण हाय का? लोक खाली बसून ऐकतेत, आन् मी त्यांच्या डोक्यावर उभा ऱ्हाऊ?" त्यानंतर वर्षावासात ते संध्याकाळी दुकान उघडं ठेवत. विहाराचा भोंगा दुकानापर्यंत ऐकू येई. दुसरं कुणी अडखळत वाचत असलं, की मामा मान खाली घालून तारेचे वेढे देत राहत. त्यांना बरं व्हायचं होतं ते बसून जेवायला नव्हे, तिथं बसायला.

शेवटी नांदेडला एक तरुण डॉक्टर भेटले. मी सवयीनं जुन्या चिठ्ठ्या पुढे केल्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मामा बराच वेळ आत होते. नंतर मामांनीच सांगितलं, की तो डॉक्टर सारखं विचारतच होता. सकाळी दुखतं का संध्याकाळी? लघवीच्या आधी का नंतर? शौचाला साफ होतं का? बायकोजवळ गेल्यावर वाढतं का? झोप लागते का, भीती वाटते का? "भीती वाटते का, हे मला आजवर कुणी इचारलं न्हाई रे," मामा म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

तपासणी नीट झाली. जंतू नव्हते. आत बोटानं एकेक स्नायू दाबून बघताना एका जागी मामा ओरडले, की हेच ते, हेच दुखणं. डॉक्टरांनी मला आत बोलावून समजावलं. पौरुषग्रंथीची सूज या नावाखाली येणाऱ्या दहा माणसांचे दहा प्रकार असतात. कुणाला जंतू असतात, कुणाची लघवी अडते, कुणाच्या नसा दुखतात. यांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू गाठ मारल्यासारखे आवळलेले आहेत, आणि भीतीनं ते आणखी आवळतात. म्हणून यांचा उपाय यांच्यापुरता. जंतूंच्या गोळ्या बंद. लघवी मोकळी होण्याची एक गोळी. कोमट पाण्याच्या टबात बसणं. आवळायचं नाही, सोडायचं. त्यासाठी पोटानं श्वास घ्यायला शिकवणारा माणूस त्यांनी गाठून दिला. तिखटाचं विचारलं तर म्हणाले, खाऊन बघा, वाढलं तर सोडा. मामांनी त्याच संध्याकाळी ठेचा खाल्ला. काही वाढलं नाही. मामी पदर तोंडाला लावून हसली आणि मग अचानक रडायला लागली. इतकी वर्षं या माणसाला आपण सपक खाऊ घातलं, म्हणाली.

मामा पूर्ण बरे झाले असं मी लिहिणार नाही. काही दिवस वाईट जायचे. पण गेल्या वर्षावासात त्यांनी घोंगडीची जाड घडी घातली आणि विहारात वाचायला बसले. मध्येच उठून दारापर्यंत फिरून येत, लोक थांबत. "चष्मा नवा केला वाटतं," एका आजीनं विचारलं. "व्हय," मामा म्हणाले, "नांदेडचा हाय."

एकच वर्षावास. यंदाच्या उन्हाळ्यात दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली आणि वसमतला पोचायच्या आत ते गेले. या दुखण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, असं डॉक्टर सांगतात. मला तेही समाधान देत नाही. ज्या माणसाला एका शहाण्या प्रश्नावलीनं बसता आलं असतं, तो अर्धं आयुष्य उभा राहिला, हा हिशेब मला कुठंच मांडता येत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवाला उत्तम अंगणात येऊन उभा राहिला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग मामीला म्हणाला, "मामी, मामाला गुण आलेल्या गोळ्या उरल्या असतील तर द्या. न्हाईतर नुसतं पाकीट द्या."

मामी उठली नाही. अंगणात माझ्यासकट चार पुरुष होते, दोन सुना होत्या. तिनं सरळ विचारलं, "काहून? तुला लघवीला जळजळ होती का? बसल्यावर दुखतंय?"

उत्तम लाल झाला. एक सून आत निघून गेली.

"मामी, जाऊ द्या," तो म्हणाला.

"काहून जाऊ देऊ? ह्यांनी बी जाऊच दिलतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गोळी देणार न्हाई मी. तू ह्याला नांदेडला घेऊन जा."

दोन दिवसांनी मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून निघालो. वसमत मागे पडलं. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी हळू झाली, तेव्हा माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "सर, बसल्यावर मला काहीच होत न्हाई. आडवं पडलं की दुखतंय."