आत्याच्या ओठावरचा जर

माझ्या भाचीचे नाव मी तिच्यापासून हातभर दूर उभी राहून, पुठ्ठ्याच्या नळीतून ठेवले.

एरवी चारचौघांत माझा आवाज उमटत नाही. परंतु एकुलती एक सख्खी आत्या असल्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान माझा होता. त्यासाठी मी आरशासमोर सरावही केला होता. बारशाच्या आदल्या दिवशी त्याच आरशात ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा घोस दिसला. नुकतीच तापातून उठले होते, आणि कालपासून तिथे चुणचुणत होते. (ते मी आनंदाचे लक्षण समजले होते.)

"जर फुटलाय," आई म्हणाली. "चुना लाव, जळून जाईल."

मी सुशिक्षित असल्यामुळे आधी चुना लावला आणि मग डॉक्टरांकडे गेले.

"मलम चुणचुण सुरू होताच लावायचं असतं, चुना कधीच नाही," डॉक्टर म्हणाले. "आता फोडांना हात लावू नका, टॉवेल, पेला वेगळा ठेवा. आणि पूर्ण बरं होईपर्यंत बाळाला घ्यायचं नाही, पापा तर मुळीच नाही. तान्ह्या बाळाला हा संसर्ग फार जड जातो."

"उद्या बारसं आहे," मी पुटपुटले.

नवीन पनवेलला घरी परतले, तर वहिनी म्हणाली, "मग रोडपालीच्या नंदाताईंना सांगू का? चुलत असल्या तरी आत्याच ना." (नंदाचा आवाज रोडपालीहून फोनशिवायही ऐकू आला असता.)

"नको," मी म्हणाले. सासरी-माहेरी मिळून हा माझा पहिला विरोध.

कपाटावरची नकाशाची नळी काढली आणि डॉक्टरांना फोन केला. ते बराच वेळ हसले. "मास्क लावून, लांबूनच," म्हणाले.

बारशाला नळीचे एक टोक वहिनीने पाळण्यात बाळाच्या कानाशी धरले. दुसरे माझ्या मास्कशी. मी वाकले, "कुर्रर्र" म्हणाले, आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. पहिला नंदाचा होता.

"मेले, मेले!" मी ओरडले.

नळीने ते खणखणीत पोहोचवले. 'इरावती' हे ठरलेले नाव घशातच राहिले. रडणारे बाळ एकदम गप्प झाले.

"शुभ बोल गं," आई कळवळली.

"आता काय उपयोग?" वहिनी म्हणाली. "ऐकलं तिने."

जर यथावकाश खपली धरून गेला. इरावती आता दुडुदुडु चालते. 'इरावती' म्हटले तर मान वळवत नाही. 'मेले' म्हटले की धावत येते. जन्मभरात माझे म्हणणे पहिल्या खेपेला एकीनेच मनावर घेतले, आणि ते नेमके हे.