पत्रकात न मावलेली ताटली

तुमच्या शब्दावर विसंबून कुणी आपल्या माणसाच्या वाकड्या झालेल्या तोंडात पाला पिळला आहे? माझ्या शब्दावर पिळला गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, चळवळीतल्या सोबत्यांना नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात मी चळवळीसाठी पत्रकं लिहायचो — रासायनिक खतं, औषधं, परदेशी कंपन्या यांच्याविरुद्ध. शेजारचे नाना शिंपीकाम करायचे. शिवून झालेल्या कपड्यांच्या प्रत्येक घडीत ते माझं एक पत्रक घालायचे. मशीन थांबवून बायकोला, अक्काला, मोठ्यानं वाचूनही दाखवायचे.

माझी मावसबहीण शोभाताई धुळ्याच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवायची. लकव्यात मेंदूचं रक्त अडतं, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी मरतात, हे मला तिच्याकडून कळलं. एका प्रयोगात उंदराच्या अशा पेशी काचेच्या ताटलीत वाढवून त्यांचा प्राणवायू तोडला होता. ब्राह्मीतून वेगळं काढलेलं द्रव्य मिळालेल्या पेशी जास्त टिकल्या. मी उडालोच. आमच्या पाटाच्या कडेची ब्राह्मी! उद्या परदेशी कंपन्या तिचं पेटंट घेतील!

ताई हसली. "ताटलीत टिकल्या रे बाबा. माणसाला अजून कुणी दिलेलं नाही. आणि तो पाल्याचा रस नव्हे. तुझ्या पत्रकात मावेल का ही ताटली?"

मावली नाही. मी लिहिलं — लकव्यात मेंदूची नस वाचवणारं औषध तुमच्या बांधावर उगवतं. ताटली गाळली. विसरलो म्हणू? नाही. ती घातली की पत्रक थंड पडत होतं.

त्या वर्षी पोळ्यानंतर एका सकाळी नाना मशीनवरच कलले. एक बाजू गेली, तोंड ओढलं गेलं. जळगावला न्यायला जीप दारात आली. लोकांनी नानांना उचलायला हात घातले, आणि अक्कानं माझ्याकडं पाहिलं.

"भाऊ, तूच लिखेल शे ना — पालावरी नस वाचस म्हनीसन? आठेच पाजू का लई जाऊ?"

इथंच पाजू की घेऊन जाऊ — उत्तरासाठी सगळे माझ्याकडं बघत होते. जीप चालू होती. मला एवढंच म्हणायचं होतं — घेऊन जा. पण मग पत्रकाचं काय? गावासमोर माझं काय? — हेच मनात आलं. दुसरं काहीही नाही.

"पाज, अक्का," मी म्हणालो.

जीप बंद झाली. पाला मीच आणला, मीच वाटला. नानांना गिळता येत नव्हतं. अर्धा रस गालावरून ओघळायचा, उरलेल्यानं ठसका लागायचा. "ल्या ना, भाऊनी आणेल शे," अक्का त्यांना रस घ्या म्हणून विनवत राहिली. संध्याकाळी त्यांची छाती घरघरू लागली. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा कुठं जळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, रस फुप्फुसात गेलाय. नाना परत आले नाहीत.

वेळेवर नेलं असतं तर ते वाचलेच असते, असं कुणी सांगू शकत नाही. हे वाक्य मी पुष्कळ वापरलं — स्वतःशी. आता ते टाकून देतो.

सांत्वनाला दारावर येणाऱ्या प्रत्येकाला अक्का माझं कौतुक सांगायची, "भाऊनी गैरी धावपळ करी." मी तिथंच बसलेला असायचो, खाली बघत. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. पुढं पत्रकं संपली, आणि मी ती होती तशीच पुन्हा छापली.

अक्का अजून सणाला जेवायला बोलावते. मी जातो. जेवतो.

मला तुमच्याकडून माझ्यासाठी काही नको. एक मात्र करा. कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात उचलेनासा झाला, तर त्या तोंडात काहीही घालू नका — पाणीसुद्धा नाही. दारात गाडी चालू असेल तर ती कुणाला बंद करू देऊ नका. माझ्यासारखा कुणी मध्ये बोललाच, तर त्याचं ऐकू नका. माणसाला आत घ्या, आणि निघा.