कमलताईंच्या घरधन्याचं ताट

हे मी कुणापाशीच बोलले नाही — नवऱ्यापाशीही नाही. तुमच्याशी बोलते, कारण तुम्ही आमच्या पंगतीला कधी बसला नाहीत.

नव्वदच्या सुमारास कळमनुरीच्या रस्त्याला आम्ही सात कुटुंबांनी मिळून वस्ती बांधली. घरं वेगळी, स्वयंपाकघर एक. संध्याकाळी एकच पंगत. ज्याच्या त्याच्या नावाचं ताट, ज्याची त्याची जागा. बरं चाललं होतं. पण असलं घर विकायला काढलं की गिऱ्हाईक भिंती बघतच नाही, शेजारी बघतं. म्हणून रिवाजच पडला — घेणाऱ्यानं आधी आमच्यात जेवायचं.

कमलताईंचे यजमान वारले आणि त्यांनी घर काढलं. त्यांना नांदेडला लेकीजवळ दोन खोल्या घ्यायच्या होत्या. आणि मला? मला ते घर माझ्या लेकासाठी हवं होतं, आमच्या भिंतीला लागून. पण त्या भावात आम्हाला कुठलं परवडायला.

गिऱ्हाईक जेवायला यायचं. कमलताई आत भाकरी थापत असायच्या. तेवढ्यात मी त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचं ताट त्याच्या जागी मांडायचे — भाकरी, वरण, चिमूटभर मीठसुद्धा. पाहुणे विचारायचे, हे कुणाचं? मी हळूच सांगायचे — घरधन्याचं. अजून येतात.

परत कुणी फिरकलं नाही. गावभर बोभाटा झाला आणि घर मातीमोल आमच्या पदरात पडलं. कमलताईंच्या दोन खोल्या घ्यायच्या राहिल्याच. त्या जावयाच्या ओसरीत राहायला गेल्या.

निघताना त्यांनी ते ताट लुगड्यात गुंडाळलं. माझा हात धरून म्हणाल्या, "वैनी, तुमाला ते दिसतात म्हनं. मग मला काहून दिसंनात? ताट संगं नेते. तिथं तरी येतील."

तेव्हा सांगता आलं असतं. नाही का? मी म्हणाले, "येतील."

त्या ओसरीत त्या रोज ताट मांडून वाट बघायच्या, असं त्यांची लेक सांगते. तिथंच गेल्या.

माझा लेकही त्या घरात राहिला नाही. आता सातांतलं कुठलंच घर खपत नाही. पंगत मात्र बसते. सगळे बसले की कमलताई बसायच्या त्या बाजूला फरशीवर ताट टेकल्याचा आवाज होतो. मला एकटीलाच ऐकू येतो. त्या गेल्यापासून दोनदा होतो.

मी तिकडे बघत नाही. खाली मान घालून जेवते.